नेट गेलं? आधी शेजारी बघा!

वीज गेली की आपण पहिल्यांदा काय करतो? फ्यूज उघडत नाही, की महावितरणला फोन लावत नाही. दारात येऊन समोरच्या घरात दिवा दिसतो का ते बघतो. समोरही अंधार असला की निवांत. गल्लीचीच गेली आहे, येईल तेव्हा येईल. समोर लख्ख उजेड असला तर मात्र दुखणं आपल्याच घरातलं. मग मीटरपाशी जायचं. नळाला पाणी आलं नाही तरी हेच. "वहिनी, तुमच्यात आलंय का हो पाणी?" ही रीत कुणी वर्गात शिकवलेली नाही. आईनं केलं, आपण करतो.

पण घरातलं वायफाय बंद पडलं की हीच चतुर बाई एकदम हात टेकते. "मला त्यातलं काही कळत नाही बाई," म्हणून लॅपटॉप मिटून ठेवते आणि संध्याकाळी 'हे' घरी येईपर्यंत, नाहीतर चिरंजीव कॉलेजातून उगवेपर्यंत वाट बघत बसते. पूर्वी नेट म्हणजे मुलांचं खूळ होतं, तेव्हा हे चालून जात होतं. आता मुलीच्या प्रवेशाचा अर्ज नेटवर, परीक्षेची फी नेटवर, आणि अनेकींची चार पैशांची कामंही नेटवरच. अर्जाची शेवटची तारीख 'हे' घरी येण्याची वाट बघत नाही.

मंगळवार पेठेतल्या एका घरातली हकीगत सांगते. घर जुनं, दगडमातीच्या भिंतींचं. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर. सूनबाई बी.कॉम. झालेल्या. लक्ष्मीपुरीतल्या चार दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं घरी बसून भरतात. दर महिन्याचं मुख्य विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावं लागतं; चुकलं की दिवसागणिक दंड. दुपारी जेवणं उरकली की ह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडणार, आणि नेमकं तेव्हाच नेट जाणार! कधी येतं, कधी जातं, कधी नुसतं गोल चक्र फिरत राहतं. दोन महिने दंड बसला. एका दुकानदारानं "आता काम दुसरीकडं देतो" असं सुचवलं. घरात दोन मतं पडली. एक मत, लॅपटॉप जुना झाला, नवा घ्यावा; म्हणजे चाळीसेक हजारांना चाट. दुसरं मत, "एवढी कटकट कशाला? सोडून द्यावं काम." सूनबाई म्हणाल्या, "सगळे आपापलं मत सांगून गेले, आणि मी आपली लॅपटॉपसमोर ताटकळत बसलोय!" (कोल्हापूरच्या बाईनं 'बसलोय' म्हटलं की पुण्याच्या पाहुण्या हसतात, हसू देत.)

खरं म्हणजे लॅपटॉपचा काहीच दोष नव्हता. तो कसा कळला ते पुढं येईलच. आधी ती शेजारी डोकावण्याची रीत वायफायला कशी लावायची ते बघू.

दुखणं कुठल्या टप्प्यात?

नेट आपल्यापर्यंत तीन टप्प्यांनी येतं. बाहेरून घरात येणारी तार आणि तिच्या टोकाचा डबा, म्हणजे राउटर, हा एक. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवा, हा दुसरा. आणि तिसरा खुद्द लॅपटॉप. दुखणं यांतल्या कुठल्या टप्प्यात आहे एवढं ठरलं की अर्धं काम झालं.

म्हणून पहिला प्रश्न: नेट फक्त लॅपटॉपचं गेलंय, की घरातल्या सगळ्यांचं? हातातला मोबाईल हा आपला शेजारी. पण इथं एक गंमत आहे, ती ध्यानात ठेवावी. मोबाईलला वायफाय मिळालं नाही की तो गुपचूप स्वतःच्या सिमकार्डाच्या नेटवर जातो. आपण बघतो, व्हॉट्सअ‍ॅप तर छान चालतंय, म्हणजे वायफाय ठीक आहे! आणि सगळा राग निघतो लॅपटॉपवर. तेव्हा तपासताना मोबाईलचा डेटा आधी बंद करायचा, वायफाय तेवढं चालू ठेवायचं, आणि मग एखादं पान उघडून बघायचं. ही एवढी एक गोष्ट केली नाही तर पुढची सगळी तपासणी उलट्या दिशेला जाते.

मोबाईललाही नेट नाही असं दिसलं तर राउटरपाशी जा आणि त्याचे दिवे बघा. आता बहुतेक घरांत फायबर आलं आहे. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतू. त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश येतो. डब्यावर 'एलओएस' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं असलेला एक दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बाहेरचा प्रकाश आपल्या डब्यापर्यंत पोहोचतच नाही. मग आपण घरात बसून दहा वेळा डबा बंद-चालू केला तरी काही होणार नाही. नेटवाल्याला फोन करणं हाच उपाय. पण त्याला "नेट चालत नाही" असं न सांगता "एलओएसचा दिवा लाल आहे" असं सांगा. म्हणजे तो तुम्हाला फोनवर अर्धा तास बटणं दाबायला लावत नाही. तार बघायला माणूस पाठवतो.

त्याआधी घरातली तार मात्र एकदा नजरेखालून घालावी. काचेचा तंतू काटकोनात वाकला की प्रकाश वाटेतच बाहेर सांडतो. सोफा भिंतीला सरकवताना, कपाटामागं झाडू घालताना, दिवाळीच्या आवराआवरीत अशी तार हमखास मुडपली जाते. ती अलगद सैल करा. तुटली असेल तर चिकटपट्टी लावून जमत नाही. तिला सांधायचं यंत्र वेगळं असतं. आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

दिवे सगळे जागच्या जागी असून नेट नसेल तर पहिली शंका पैशांची घ्यावी. महिन्याचा, तिमाहीचा प्लॅन संपलेला असतो आणि भरण्याचा निरोप यजमानांच्या मोबाईलवर येऊन पडलेला असतो! पैसे भरलेले असतील तर डबा बंद करावा, मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजावेत, पुन्हा चालू करावा आणि पाच मिनिटं त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं. लगेच बटणाशी चाळा करू नये. डब्याच्या मागं टाचणी जाईल एवढं एक छिद्र असतं, ते 'रीसेट'चं. त्याला हात लावायचा नाही. बंद-चालू करणं म्हणजे झोपलेल्याला उठवणं. रीसेट करणं म्हणजे त्याची सगळी आठवण पुसून टाकणं. मग नेटवाला येऊन पुन्हा सगळं भरेपर्यंत घर नेटविना.

राउटरला कोण जागा देतं?

मोबाईलला नेट आहे, लॅपटॉपला नाही, किंवा एका खोलीत आहे आणि दुसरीत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा मधल्या हवेचा प्रश्न असतो. आणि माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथल्याच.

राउटर घरात कुठं बसतो ते आठवून बघा. नेटवाला आला, बाहेरच्या खोलीत त्याची तार पुरली, दार उघडायला पुरुषमाणूस होता, टीव्ही समोरच होता. झालं, टीव्हीमागं डबा बसला. गृहिणी तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही चहा देऊन मान डोलावली. पुढं 'डबा बरा दिसत नाही' म्हणून शोकेसच्या कप्प्यात गेला, त्यावर क्रोशाचा रुमाल आला. आणि काम करणारी बाई घराच्या दुसऱ्या टोकाला!

मंगळवार पेठेतल्या घरात असंच होतं. सूनबाईंनी एका दुपारी लॅपटॉप उचलला आणि सोप्यात राउटरशेजारी जाऊन बसल्या. तिथं सगळं सुरळीत. म्हणजे बाहेरची तार ठीक, लॅपटॉपही ठीक. माजघरात आल्या, थोडं मंद झालं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि नेट लंगडायला लागलं. मध्ये दीड-दीड हात जाडीच्या दोन भिंती, एका भिंतीला लागून धान्याचं लोखंडी पिंप आणि कपाट, दुसरीवर पितळेची भांडी मांडलेली स्टीलची मांडणी. ही चालत जाऊन बघायची तपासणी कुणीही करावी. तिला पैसा लागत नाही, आणि चाळीस हजारांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो.

वायफायच्या लहरी रेडिओच्याच जातीच्या असतात. धातू त्यांना परतवून लावतो. पाणी त्यांना पिऊन टाकतं; माशांची पेटी, पाण्याचं भरलेलं पिंप मध्ये असेल तर पलीकडं लहर थोडीच उरते. दगड, सळ्यांची स्लॅब, मोठा आरसा हीसुद्धा अडचणच. साध्या विटेच्या पातळ भिंतीचा, लाकडी दाराचा तेवढा त्रास नाही. म्हणून राउटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीच्या वर, आणि शक्यतो घराच्या मध्याला असावा. जमिनीवर नको, कपाटात नको, टीव्हीच्या पाठीला तर नकोच.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ चा. पहिल्याचा आवाज लांब जातो, भिंतीतूनही बऱ्यापैकी पोचतो. पण त्याचा वेग बेताचा. दुसरा भरभर काम करतो, पण भिंत आली की दमतो. मोबाईलच्या यादीत आपल्याच नेटची दोन नावं दिसतात आणि एकाला '५जी' असं शेपूट असतं ते याच्यामुळं. मोबाईल कंपन्यांच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. राउटर असलेल्या खोलीत ५ चं नाव निवडा, लांबच्या खोलीत २.४ चं. लॅपटॉप फार जुना असेल तर त्याला ५ चं नाव यादीत दिसणारच नाही. तो बिघाड नव्हे.

आता दुपारीच नेट का जायचं, त्याचं उत्तर. त्या घरात जेवणं उरकल्यावर मागून आलेल्यांसाठी ताटं गरम करायला मायक्रोवेव्ह लागत होता, आणि तो होता टेबलाच्या शेजारीच. मायक्रोवेव्ह ज्या लहरींनी अन्न तापवतो त्या २४५० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या २.४ च्या पट्ट्यातच बसणाऱ्या. आत साताठशे ते हजार वॅटची ताकद, आणि राउटरची ताकद साधारण एका वॅटचा दहावा हिस्सा. भट्टीच्या दारातून अगदी माणसाला न बाधणारा, नियमात बसणारा अंश जरी बाहेर झिरपला तरी तेवढ्यानं शेजारच्या लॅपटॉपचे कान बधिर होतात. भट्टी बंद झाली की नेट परत जागेवर.

उपाय काय केला? नेटवाल्याला बोलावून तार वाढवून घेतली आणि राउटर माजघराच्या दारावर, चौकटीच्या वर लावला. तिथून स्वयंपाकघरातलं टेबल दारातून सरळ दिसतं. मध्ये भिंत नाही. लॅपटॉप ५ च्या पट्ट्यावर घेतला, म्हणजे मायक्रोवेव्हची कटकट मिटली. टीव्हीला नेट हवं होतं, त्याला एक लांब तार जोडून दिली. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला तार चालते. खर्च हजाराच्या आतबाहेर.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा भागांतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं दुखणं थोडं निराळं. तिथं मोबाईल उघडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-वीस वायफाय दिसतात. २.४ चा पट्टा अरुंद आहे आणि तो सगळ्यांना मोकळा आहे. भारतात २००५ पासून त्याला परवाना लागत नाही. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस, सगळे त्यातच. सार्वजनिक नळावर दहा जणींनी एकदम बोलावं तसं होतं. त्या पट्ट्यात एकमेकांना न ओलांडणारे वाफे तीनच: १, ६ आणि ११. नेटवाला आला की त्याला सांगावं, "यांतल्या मोकळ्या चॅनेलवर लावून द्या." हे वाक्य ऐकून तो जरा आदरानं बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

या गर्दीतून वाट काढायची एक युक्ती एका बाईनं शोधली होती, हे मुद्दाम सांगण्यासारखं. हेडी लामार ही हॉलिवूडची देखणी नटी. तिनं आणि जॉर्ज अँथील या संगीतकारानं मिळून, संदेश एकाच जागी न ठेवता एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत पाठवायचा, अशी कल्पना मांडली आणि १९४२ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळवलं. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ लहरी त्यात धरल्या होत्या. वायफाय आज निराळ्या पद्धतीनं चालतं, पण ब्लूटूथ मात्र अशाच उड्या मारतं.

लांबच्या खोलीसाठी बाजारात सिग्नल पुढं ढकलणारी छोटी यंत्रं मिळतात. ती घेतली तर जिथं नेट येत नाही तिथं लावू नका. तिथं त्यालाच काही मिळत नाही, तर ते पुढं काय देणार? निम्म्या वाटेवर, जिथं नेट अजून बरं आहे तिथं लावा. आणि रोज एकाच टेबलावर बसून काम असेल तर माझं मत विचाराल तर बिनतारीचा हट्टच सोडावा. राउटरपासून टेबलापर्यंत लॅनची तार ओढून घ्यावी. पातळ लॅपटॉपला ती खाच नसली तर जोडणी वेगळी मिळते. भिंत, भट्टी, शेजारी, कुणाचाच मग त्रास नाही.

खुद्द लॅपटॉप रुसला असेल तर

राउटरशेजारी बसूनही मोबाईलला नेट आणि लॅपटॉपला नाही, असं झालं तरच लॅपटॉपकडं बोट दाखवावं. तेव्हाही आधी सोप्या गोष्टी. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेलं बटण असतं. पुसताना, पोराच्या हातून ते दाबलं जातं आणि वायफाय बंद होतं. पुन्हा दाबलं की चालू. पासवर्ड बदलला असेल तर यादीतल्या आपल्या नेटच्या नावावर जाऊन 'फर्गेट' करावं आणि नव्यानं जोडावं; मोठी लिपी, छोटी लिपी, शून्य की 'ओ', हे नीट बघून.

विंडोजच्या लॅपटॉपची एक खोड बहुतेकींना ठाऊक नसते. 'शट डाउन' केलं तरी तो पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आतली बरीचशी मांडणी तशीच जपून ठेवतो, बिघाडासकट. 'रीस्टार्ट' केलं तरच तो सगळं नव्यानं मांडतो. म्हणून "दोनदा बंद करून चालू केला" असं म्हणण्यापेक्षा एकदा 'रीस्टार्ट' करा.

जुन्या लॅपटॉपमध्ये कोपऱ्यातली तारीखही बघावी. आतली बटणाएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागं जातं, आणि मग बँकेची, सरकारी कामांची पानं "हे सुरक्षित नाही" म्हणून उघडायलाच नकार देतात. नेट असतं; तारीख चुकलेली असते. एवढं करूनही जमलं नाही तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात 'नेटवर्क रीसेट' असतं. ते राउटरच्या छिद्रासारखं घातक नाही, पण लॅपटॉपनं साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात. आधी ते वहीत उतरवा. यानंतरही रुसवा गेला नाही तर दुकान.

नेट गेल्यावर घाईघाईनं मोबाईलवर 'कस्टमर केअर' शोधून जो पहिला नंबर येईल तो फिरवू नका. असे खोटे नंबर भामट्यांनी पेरलेले असतात. "ताई, एक अ‍ॅप टाका, मी इथनंच दुरुस्त करतो" असं म्हणून ते तुमचा पडदा बघतात आणि ओटीपी वाचून खातं रिकामं करतात. नेटवाल्याचा नंबर बिलावरून घ्यावा. असा प्रकार घडलाच तर लाजून बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पावसाळ्याचंही थोडं. विजा कडकडायला लागल्या की राउटरचं आणि लॅपटॉपचं प्लग काढून ठेवावं. फायबर काचेचं असलं तरी प्लगची तार तांब्याची असते. पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. तिथल्या घरांत डबा आणि त्याचा प्लग मुळातच उंचावर बसवून घ्यावा. वीज सारखी जात असेल तर राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते, ती घ्यावी. तेवढ्यावर राउटर तासन् तास चालतो आणि लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी असतेच. मात्र डब्याला किती व्होल्ट लागतात ते त्याच्या पिनेजवळ छापलेलं असतं, बहुधा १२, ते दुकानदाराला दाखवूनच घ्या.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: नेटवाल्याचा नंबर, आपला ग्राहक क्रमांक, प्लॅन संपण्याची तारीख. पासवर्ड मात्र वहीतच ठेवा. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक आणि वेळ त्याच कागदावर लिहा. तीन-चार दिवस नेट नव्हतं तर तेवढे दिवस प्लॅनमध्ये वाढवून मागा. पुष्कळ जण देतात, पण आपण मागितलं तर.